न उठण्याचं काम

येफीम लुकिचचा दिवस पहाटे सहाला सुरू व्हायचा, आणि त्या क्षणापासून त्याच्याकडे एकच काम असायचं. उठायचं नाही.

सहाला वॉर्डातला दिवा लागे. ग्लाशा मावशी रबरी चपला फटफटवत येई आणि प्रत्येकाच्या हातात काचेची बाटली देई.

"भरा, लेकरांनो. थेंब सांडलात तर डॉक्टरीणबाई मला खिडकीतून खाली टाकतील."

लघवी मोजली जाई. मग चाकांच्या खाटेवर आडवंच सरकवून वजन. मग रक्त. मग पोटऱ्यांना फीत लावून घेर. मग नाश्ता, तोही आडवाच: कुशीवर वळून, बशी गालाशी, पेज नळीनं ओढायची, काळा पाव हातानं. पानात उरलेलं परत वजनकाट्यावर. अर्धी काकडी टाकली तरी तिची नोंद.

मॉस्कोच्या उत्तर टोकाला, बर्चच्या झाडीत, तीन मजली पिवळी इमारत. तिच्या दुसऱ्या मजल्यावर दहा माणसं अशी पडून होती. माणूस अंतराळात गेला की पायांवरचा भार जातो, खालचं रक्त वर छातीत आणि डोक्यात चढतं, स्नायू सुकतात, हाडांतला चुना लघवीवाटे वाहून जातो. हे सगळं वर जाऊन मोजायचं तर अवघड. जमिनीवर त्याच्या जवळात जवळ जायचा उपाय एकच सापडला होता. माणसाला आडवा करा, पलंगाचा पायथा उचला, डोकं खाली ठेवा आणि महिनोन्महिने उठू देऊ नका. उशी नाही. कोपरावर रेलणं नाही. एकशेवीस दिवसांचा करार, सही करून.

येफीम लुकिच पोद्याचेव अडतीस वर्षांचा, गवंडी. पंधराव्या वर्षी हातात थापी आली ती सुटली नव्हती. त्याचा बाप युद्धात गेला तेव्हा तो पोटात होता. आई अक्सिन्या ल्युबिनो गावच्या वीटभट्टीवर कच्च्या विटा वाहायची, एका खेपेला बारा, पाठीवरच्या फळीवर. तिनंच त्याला वीट वाजवून ओळखायला शिकवलं. पुढे तो तालुक्याच्या बांधकाम टोळीत लागला, बायको लवकर वारली, मूल झालं नाही. बोलणं कमी. टोळीतले म्हणत, लुकिच विटेशी जास्त बोलतो.

इथे तो आला त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी आई बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही. तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली. थोरली बहीण प्रास्कोव्या तिचं सगळं करायची. त्याच्या वसाहतीपासून गाव चाळीस कोस, बस आठवड्यातून दोनदा, शेवटचे सहा कोस पायी. साइडकारवाली मोटारसायकल घ्यायची तर टोळीच्या पगारात दहा वर्षं गेली असती. इथे चार महिन्यांत जमणार होतं. शिवाय, तो स्वतःशी कबूल करत असे, साइडकारमध्ये मासेमारीची जाळीही बसली असती.

पहिल्याच दिवशी त्यानं पलंगाकडे बघितलं आणि म्हणाला, "हा डावा ठोकळा बोटभर कमी आहे."

पायथ्याखालचे लाकडी ठोकळे त्यानं नजरेनं मोजले होते. डॉक्टर नोन्ना आर्सेन्येव्ना, पन्नाशीची, केस घट्ट बांधलेली, कमी हसणारी बाई, तिनं कोनमापी मागवली. बोटभर कमीच निघाला.

"तुम्ही काय करता म्हणालात?"

"भिंती."

"बरं. तुमच्याकडून मला सरळ भिंत हवी आहे, येफीम लुकिच. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. तुम्हाला काहीही करायचं नाही."

पाच माणसं पहिल्या गटात होती. त्यांना आडव्यानं रबरी पट्टे ओढायचे, छताला टांगलेल्या सायकलचे पायडल मारायचे, दिवसाला दोन तास. व्यायामानं किती वाचतं ते त्यांच्यावरून कळणार. दुसऱ्या गटातल्या पाचांनी नुसतं पडून राहायचं. काहीच न केल्यावर किती जातं, ते यांच्यावरून. या पाचांवाचून त्या पाचांच्या आकड्यांना अर्थ नव्हता. हे तिनं दोनदा सांगितलं आणि त्यानं दोनदा मान हलवली.

शेजारच्या पलंगावर रोदिओन त्सीबिन, ट्रॉलीबसचा चालक, तोंडाळ. तो पहिल्या गटात.

"बघ नशीब," तो पट्टे ओढताना धापा टाकत म्हणे. "मी घाण्याला जुंपलेला, आणि तू झार. पगार मात्र दोघांना सारखा."

"गप ओढ."

"ओढतोय. तुझ्या वाटणीचंही ओढतोय."

हा टोमणा येफीमला लागला. दुसऱ्या कुणाला लागला नसता.

पहिल्या आठवड्यात चेहरा सुजला. नाक सर्दी झाल्यासारखं बंद. डोळ्यांमागे ठोके. पाठीचा कणा ताणला जाऊन कंबर अशी ठणके की जणू सिमेंटच्या गोण्या वाहिल्यात, आणि वाहिलं तर काहीच नव्हतं. जेवणाची चव गेली. कोबीच्या सारात तो मोहरी इतकी कालवी की ग्लाशा मावशी म्हणाली, "पोटात गिलावा करतोयस का रे?"

पाठ, नाक, चव, ते सगळं तो सोसत होता. सोसणं त्याला येत होतं. पण अकराव्या दिवशी सकाळी फीत लावताना नर्सनं आकडा सांगितला आणि पोटरी दीड बोट उतरल्याचं त्याला कळलं. त्यानं पांघरुणाखाली हात घालून चाचपली. मऊ. भिजल्या कणकेच्या गोळ्यासारखी. त्याच दुपारी त्याच्या उजव्या तळव्यावरचा घट्टा, थापीच्या मुठीचा, तेवीस वर्षांचा, कडेनं सुटून आला. खालची कातडी गुलाबी, पोरीसोरीच्या हातासारखी.

तो घट्टा त्यानं बराच वेळ बोटांत धरला. लोक म्हणतात गवंडीकाम हातांचं. तो पायांचं मानत होता. आठ तास परांचीवर उभं राहायचं, वाकायचं, विटांचा भार घेऊन वळायचं. पाय गेले तर थापी हातात असून काय करणार? टोळीत त्याच्याइतकी सरळ ओळ कुणाची नव्हती, आणि ती त्याच्या पोटऱ्यांवर उभी होती.

बाराव्या दिवशी त्यानं सुरुवात केली.

दुपारी दोन ते साडेतीन पडदे ओढत, सगळ्यांना झोपायला सांगत. रोदिओन घोरू लागे. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून येफीम टाचा गादीत रुतवी, मांड्या आणि पोटऱ्या ताठ करी, दहापर्यंत मोजून सोडी. ताठ, सोड. वरून काही दिसत नसे. प्रत्येक ताणाला तो मनात एक वीट लावी. माल पसर, वीट ठेव, मुठीनं ठोक, जास्तीचा माल कापून घे. दिवसाला दोनशे विटा. घाम फुटे. झोपेची वेळ संपताना चादर ओली असे, आणि ग्लाशा मावशी म्हणे, "तापट माणूस आहेस बाबा."

पंधरा दिवसांत पोटरीचा घेर उतरायचा थांबला.

त्याला चोरी केल्यासारखं वाटलं नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदा नुसतं पडून पैसे घेण्याची जी लाज त्याला आतून खात होती, ती शमली. दिवसाकाठी काहीतरी हातून होत होतं. रविवारी तो काम करत नसे. टोळीतही करत नसे.

आठवडे गेले. दुसऱ्या गटातले बाकीचे चौघे सुकत चालले. त्यांच्यातला एक मुतखड्यानं तळमळला, हाडांतला चुना मूत्रपिंडात साचला म्हणून. नोन्ना आर्सेन्येव्ना येफीमच्या कागदांपाशी जास्त वेळ थांबू लागली. त्याच्या लघवीत चुना कमी उतरत होता. पोटऱ्या टिकल्या होत्या. तिनं त्याच्या आईचं, आजोबांचं विचारलं, लहानपणी काय खाल्लं ते विचारलं.

"बटाटे," तो म्हणाला. "आणि युद्धानंतर रानातली आंबट पानं."

तिनं ते लिहून घेतलं. दुपारच्या विटांचं त्यानं सांगितलं नाही.

एकाहत्तराव्या दिवशी पाहुणा आला.

त्याचं नाव सांगितलं गेलं नाही, तशी पद्धत नव्हती. अनेक महिने वर राहून तो नऊ दिवसांपूर्वी उतरला होता आणि याच इमारतीच्या खालच्या मजल्यावर त्याला पुन्हा चालायला शिकवत होते. काठी टेकत, पाय फाकवून, बदकासारखा तो वॉर्डात शिरला. वळताना संपूर्ण शरीर वळवी, मान नुसती वळवत नसे. ग्लाशा मावशी मागे हात पसरून, पडलाच तर झेलायला.

"बसू का?" तो म्हणाला. "तुमच्यात मीच एक उभा, बरं दिसत नाही."

रोदिओन म्हणाला, "बसा, साहेब. पलंग आमचा नाही, सरकारचा आहे."

पाहुणा हसला आणि येफीमच्या पलंगाच्या कडेला टेकला. कपाळावर घाम. दाराजवळून इथपर्यंत वीस पावलं झाली होती.

"कसं असतं, वर?" रोदिओननं विचारलं.

"वर सोपं. खाली येणं अवघड. उतरल्यावर मनगटावरचं घड्याळ ओढत होतं, जणू कुणी कुलूप बांधलंय. मान डोकं पेलेना. दुसऱ्या दिवशी मोजे काढले तर तळव्यांची कातडी मोज्यांतच राहिली. वर तळव्यांना काम नसतं. पावलं वरच्या बाजूनं दांड्याखाली अडकवायची, म्हणून घट्टे पावलांच्या पाठीवर पडतात." त्यानं सपाता काढून दाखवलं. खरंच होते. खाली तळवे तान्ह्या मुलासारखे.

येफीमनं स्वतःचा उजवा तळहात उघडून दाखवला. पाहुण्यानं तो नीट पाहिला.

"कसला होता?"

"थापीचा."

"हं," पाहुणा म्हणाला, आणि सपाता पुन्हा पायांत सरकवल्या.

तेवढ्यात नोन्ना आर्सेन्येव्ना आली. तिच्या चेहऱ्यावर क्वचित दिसणारा उजेड होता. "हेच ते, ज्यांच्याबद्दल मी म्हणत होते," ती पाहुण्याला म्हणाली. "काही न करता एकाहत्तर दिवस. हात लावून बघा."

पाहुण्यानं येफीमच्या पोटरीवर हात ठेवला. हात गरम होता.

"माझ्या पोटऱ्या अशा उरल्या नाहीत," तो म्हणाला. "आणि मी रोज अडीच तास फिरत्या पट्ट्यावर धावलोय."

"म्हणूनच. काही शरीरांची घडणच वेगळी असावी. तसं ठरलं तर अशी माणसं निवडता येतील, आणि त्यांचा व्यायाम दिवसाला तासावर आणता येईल. पुढची तुकडी तुमच्याहून तीन महिने जास्त राहणार आहे. तिथे रोजचा दीड तास वाचला तर केवढं काम होईल."

"पुढच्या तुकडीत माझा मित्र आहे," पाहुणा म्हणाला. "त्याला धावायचा कंटाळा. खूश होईल." त्यानं पोटरी थोपटली, जशी चांगल्या घोड्याची थोपटावी, आणि काठीवर भार देऊन उठला. उठायला त्याला तीन वेळा जोर करावा लागला.

येफीम छताकडे बघत पडून राहिला.

तो एकवीस वर्षांचा असताना टोळीनं एक शाळा बांधली होती. एक जुना गवंडी दोन विटांच्या जाडीच्या भिंतीत मधल्या विटा न लावता तुटके तुकडे आणि माती भरायचा, बाहेरून दरजा सुरेख. महिन्याचं काम वीस दिवसांत. ओळंबा लावला तर भिंत सरळ. मुकादमानं पहार मारली तेव्हा आतून मातीच वाहून आली. टोळीचा रिवाज होता: ज्यानं वाईट बांधलं त्यानं आपल्या हातानं पाडायचं, विटा घासून साफ करायच्या आणि पुन्हा बांधायचं. त्या दिवसांची मजुरी नाही. त्या म्हाताऱ्यानं पाडायला नकार दिला आणि टोळी सोडून गेला. भिंत येफीमनं पाडली होती. त्याला त्या म्हाताऱ्याची शिसारी आली होती, आणि ती सतरा वर्षं टिकून होती.

"मावशी," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना बोलव."

"आत्ताच गेल्या त्या. काय दुखतंय?"

"बोलव."

नोन्ना आर्सेन्येव्ना आली आणि त्याच्या डोक्याकडे न थांबता कमरेशी उभी राहिली. इथे सगळ्यांना तशी सवय लावलेली होती. डोक्यामागून बोललं तर पडलेल्या माणसाला डोळे वर फिरवावे लागतात, आणि ते त्याला दुखतं.

"बोला."

"भिंत पोकळ आहे," तो म्हणाला.

"कसली भिंत?"

"माझी. मी दुपारी पाय ताणतो. पांघरुणाखाली. दीड तास."

रोदिओनच्या पट्ट्यांचा आवाज थांबला.

"किती दिवस?"

"बावन्न."

"रोज?"

"रविवार सोडून."

"रविवार सोडून," ती म्हणाली. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. तिला वॉर्डात बसलेली कुणी पाहिलं नव्हतं. "का?"

पाय, परांची, घट्टा, सगळं एकत्र तोंडात आलं. शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं मी काम करतोय."

"तुम्हाला न करण्याचेच पैसे होते. मी दोनदा सांगितलं होतं."

"हो."

"आज मी संचालकांना तुमचा आलेख दाखवला. एका तासाचा प्रस्ताव लिहायला घेतला. तीन माणसं त्यावर विश्वास ठेवून वर गेली असती. उतरताना त्यांच्या मांड्यांची हाडं मोडली असती आणि आम्हाला कारण सापडलं नसतं. कळतंय का, येफीम लुकिच?"

"कळतंय. म्हणून बोलावलं."

तिनं कागद गुंडाळले. रागानं नव्हे, सावकाश, कडा जुळवून. "करार मोडलात. संध्याकाळी गाडी येईल. तुमचे पाय चांगलेच आहेत, आठवड्यात चालाल."

रोदिओन छताकडे बघत म्हणाला, "सुटलास की रे."

"मी जाणार नाही," येफीम म्हणाला.

"म्हणजे?"

"वाईट बांधलेलं गवंडी स्वतः पाडतो आणि स्वतः बांधतो. त्या दिवसांची मजुरी घेत नाही. हे एकाहत्तर दिवस फेका. उद्यापासून पहिला दिवस धरा. एकशेवीस पुरे करतो. पायांवर पट्टे बांधा हवे तर."

"तुमचे स्नायू आता ताजे नाहीत. आकडे तसे येणार नाहीत."

"मग आठवडाभर उभं करा, चालवा, आणि मग झोपवा. तुम्हाला पाचवा माणूस पाहिजे ना?"

तिला पाचवा माणूस पाहिजे होता. चारांवर निष्कर्ष काढला तर वरिष्ठ मान्य करत नसत. ती दोन दिवस विचार करत राहिली, तिसऱ्या दिवशी हो म्हणाली. त्याला तीन आठवडे चालवलं, मोजलं, आणि मग पुन्हा त्याच पलंगावर आडवं केलं. रोदिओनचे एकशेवीस दिवस संपले तेव्हा येफीमचा अठ्ठाविसावा चालू होता.

"तू येडा आहेस, लुकिच," निरोप घेताना रोदिओन म्हणाला. तो भिंतीला धरून उभा होता, दहा महिन्यांच्या बाळासारखा डोलत. "पत्र लिहीन. आडव्यानं वाचता येईल असं मोठ्या अक्षरात."

"पगार मोज आणि जा."

आता तो खरोखर पडला. दुपारी दोन्ही पाय पांघरुणाबाहेर ठेवी, ग्लाशा मावशीला दिसावेत म्हणून. पाय ताणावेसे वाटत, फार वाटत, तेव्हा तो जबडा आवळी. पोटरी उतरली, मांडी उतरली, गुडघा गाठीसारखा वर आला. टाचेची कातडी सालपटासारखी निघाली. दोन्ही हातांवरचे उरलेसुरले घट्टे गेले. गवंड्याच्या अंगावर गवंड्याची खूण उरली नाही.

भिंती चढवायला दिवसाचं मोजमाप असतं. इथे दिवसाचं काम म्हणजे दिवस. छतात सत्तावीस फळ्या होत्या, नवव्या फळीत एक गाठ. एक माशी सकाळी खिडकीकडून येऊन त्या गाठीवर बसे. तिची वाट बघू लागलो आहोत हे लक्षात आल्यावर त्याला आई आठवली.

तीन वर्षं. तिला कुणी फीत लावत नव्हतं, बाटली मोजत नव्हतं. तिच्या खोलीत छताला किती फळ्या होत्या? त्याला आठवेना. घर त्यानंच बांधलं होतं, पंचविसाव्या वर्षी, पक्क्या विटांचं, गावातलं पहिलं. खिडक्या उंच घेतल्या होत्या. उंबऱ्याशी उभा माणूस बाहेर पाहील अशा. त्यानं आडव्या माणसाची उंची कधी धरलीच नव्हती. दर भेटीत तो तिच्या उशाशी उभा राहायचा, आणि ती डोळे वर फिरवून त्याच्याशी बोलायची. आईला बाहेरचं दिसावं म्हणून प्रास्कोव्या ताईनं एकदा पलंग ठोकळ्यांवर चढवला होता, पण त्या उंचीवर तिला एकटीनं अंघोळ घालता येईना, म्हणून उतरवला.

एकशेविसाव्या दिवशी त्याला एका फळीला बांधलं आणि फळी हळूहळू उभी केली. चौथ्या मिनिटाला डोळ्यांसमोर पांढरं झालं. शुद्धीवर आला तर ग्लाशा मावशी गाल थोपटत होती. दुसऱ्या दिवशी जमीन तळव्यांना खिळ्यांसारखी टोचली. तिसऱ्या दिवशी तो दारापर्यंत गेला आणि चौकटीला खांदा आदळला, वळायचं कसं ते विसरला होता. नोन्ना आर्सेन्येव्ना घड्याळ धरून बाजूला चालत होती.

"पाचही जणांचे आकडे जुळले," ती म्हणाली. "अडीच तास कायम राहतील. कमी होणार नाहीत."

"बरं," तो म्हणाला. दारापासून पलंग वीस पावलं होता. ती त्यानं मोजत कापली.

परांचीवर तो सात महिन्यांनी चढला. तोवर टोळीनं त्याला जमिनीवरचं काम दिलं, दरजा भरायचं, म्हाताऱ्यांचं. टाचांचं हाड भरून यायला आणखी वर्ष लागलं, आणि पुढे कधीच तो उशीशिवाय झोपू शकला नाही, दोन तरी लागत. तळव्यावर नवा घट्टा आला, जुन्याच्या जागी, पण थोडा कडेला.

मोटारसायकल आली नाही. फेकलेल्या एकाहत्तर दिवसांचा खर्च एकशेवीस दिवसांच्या मजुरीतून कापला गेला होता, आणि चालायच्या तीन आठवड्यांना मजुरी नव्हतीच. उरलेल्यात साइडकार सोडा, नुसती गाडीही बसत नव्हती. त्यानं तो हिशेब दुसऱ्यांदा केला नाही. उन्हाळ्यात बसनं आणि पायी, दोनदा विसावा घेत, तो ल्युबिनोला गेला आणि आईच्या पलंगाच्या कमरेशी उभा राहिला.

"हे काय?" आई म्हणाली. "तिकडे का उभा राहिलास? आजारी पडलास का?"

"नाही. दिसतो का?"

"दिसतोस. वाळलायस." मग थोड्या वेळानं, "कानाखाली व्रण आहे तुझ्या. कधीचा?"

"लहानपणचा."

"मला आठवत नाही."

तो तिच्या शेजारी गादीवर आडवा झाला, डोकं तिच्या डोक्याच्या रेषेत, आणि भिंतीकडे बघून खडूनं खूण केली. प्रास्कोव्या ताई दारात हात पुसत उभी राहिली.

"भिंत पाडतोयस? स्वतः बांधलेली?"

"चुकीची बांधली."

"तेरा वर्षं उभी आहे की."

"उभ्यांसाठी बांधली."

त्याला उकिडवं बसता येत नव्हतं अजून, म्हणून स्टुलावर बसून तो छिन्नी चालवत होता. एकेक वीट सुटी केली, घासली, मोजून रचली. माल तेव्हाही चांगला होता, सहज सुटेना. त्यानं स्वतःला शिव्या दिल्या नाहीत, उलट ताईला वाटलं तो मनातल्या मनात समाधानी होता. वर दगडी पट्टी बसवली, चौकट बसवली, दुहेरी, थंडीसाठी. काच एवढ्या मापाची तालुक्यात मिळत नव्हती. शहरातून मागवली, गवतात गुंडाळून, भाड्याच्या लॉरीनं, लॉरीवाला संपूर्ण रस्ताभर खड्डे टाळत हळू चालला आणि हळू चालण्याचे वेगळे पैसे घेऊन गेला.

पुट्टी वाळल्यावर येफीमनं काच कागदानं पुसली आणि बाजूला झाला. गादीच्या उंचीला उजेड आत आला.

"शेजारच्या मार्फाचं कुंपण वाकलंय," आई म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही."

"तीन वर्षं झाली वाकून," ताई म्हणाली.

"आणि ती बकरी कुणाची?"

"त्यांचीच. नवी."

आईनं मान वळवली, पूर्ण, डावीकडे, रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल तेवढी. डोळे फिरवावे लागले नाहीत. न उठण्याच्या एकशेवीस दिवसांच्या मजुरीत एवढं आलं: दोन मोठ्या काचा, एक चौकट, आणि हळू चालणाऱ्या लॉरीचं भाडं.